‘सकारात्मक’ म्हणजे चांगले नव्हे!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या आतल्या पानावर आर्क्टिकच्या बर्फाची एक बातमी होती. मथळा होता, ‘आर्क्टिकमध्ये हवामानाचा सकारात्मक प्रतिसाद’. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सकाळचे फिरणे झाले की बागेतल्या कट्ट्यावर पेपर मोठ्याने वाचायची रीत आहे. वाचणारे गृहस्थ आयुष्यभर पोस्टात होते, शब्दन् शब्द वाचतात. मथळा वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “चला राजा, एक तरी चांगली बातमी आली.” मी म्हटले, “भाऊ, ही वाईट बातमी आहे.” तर म्हणाले, “काहून? सकारात्मक लिवलं हाय ना!”

त्यांचे काहीच चुकले नाही. चूक मथळा देणाऱ्याची आहे, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, हे आधीच सांगतो. कात्री लावायची तर माझ्या आठवणींना लावा, आकड्यांना नको.

मी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात ३१ वर्षे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. ‘सकारात्मक प्रतिसाद’ म्हणजे इंग्रजीतला ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’, आणि ‘फीडबॅक’ या शब्दावर माझे घर चालले. आमच्याकडे निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे चांगला आणि पॉझिटिव्ह म्हणजे घात. निगेटिव्ह फीडबॅक नीट लावून देण्याचाच मला पगार मिळत होता. यात निगेटिव्ह म्हणजे निराशाजनक नाही आणि पॉझिटिव्ह म्हणजे आशादायक नाही. झालेला बदल जो मागे ओढतो तो निगेटिव्ह, जो त्याच दिशेने आणखी ढकलतो तो पॉझिटिव्ह. एवढाच अर्थ.

बॉयलरच्या माथ्यावर, पंधराएक मजल्यांच्या उंचीवर, पोलादाचा एक लांबलचक ड्रम असतो. त्यात अर्धे पाणी, अर्धी वाफ. पाणी फार खाली गेले तर नळ्या कोरड्या पडून फुटतात, फार वर आले तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरते आणि पाती मोडतात. म्हणून पातळी सतत मोजायची, आणि कमी झाली की पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, वाढली की थोडा मिटायचा. हे काम माणूस नाही, कंट्रोलर करतो. याला आम्ही ‘लूप’ म्हणायचो.

१९९४ साली वार्षिक ओव्हरहॉलनंतर २१० मेगावॉटचा संच सुरू होत होता. व्हॉल्व्ह नवा बसवला होता. जुना हवेच्या दाबाने उघडणारा होता, नवा हवेच्या दाबाने मिटणारा. कंट्रोलरवर त्यासाठी एक बारीक खटका उलटा करायचा असतो. तो मी केला नाही. तीन रात्री झोप नव्हती, पण ते कारण झाले, सबब नव्हे. ऑपरेटरने लूप ऑटोवर टाकला. पातळी दोन-चार मिलिमीटरने उतरली, नेहमीच उतरते. व्हॉल्व्ह उघडायच्या ऐवजी मिटला. पातळी आणखी उतरली. व्हॉल्व्ह आणखी मिटला. तेव्हा आमच्याकडे कागदाच्या रोलवर लाल शाईची पेन पातळी काढायची. एरवी ती रेघ शाळेतल्या दुरेघी वहीसारखी सरळ. त्या दिवशी ती आधी जराशी वाकली, मग अजून वाकली, मग घसरगुंडीवरून पोर सुटावे तशी खाली गेली. ऑपरेटरने मॅन्युअलवर घेतले तोवर उशीर झाला होता, संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. नुकसान फक्त वेळेचे झाले. शिफ्ट इंचार्जने मला काय ऐकवले ते छापण्याजोगे नाही.

हाच तुमचा ‘सकारात्मक प्रतिसाद’.

आता पृथ्वीचा बॉयलर. सूर्याकडून येणारी ऊर्जा गोलावर सारखी पसरली असे धरले तर वातावरणाच्या माथ्यावर चौरस मीटरमागे साधारण ३४० वॉट येतात. त्यातले १०० च्या आसपास ढग, बर्फ, वाळवंटे परत फेकतात. २४० आत मुरतात. पृथ्वीचे तापमान स्थिर राहायचे तर तेवढेच २४० उष्णतेच्या रूपाने बाहेर गेले पाहिजेत. हवेत पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे उष्णता अडवणारे वायू नसते, तर हा हिशेब उणे १८ अंशांवर जुळला असता. ते आहेत म्हणून जमिनीलगत सरासरी १५ अंश आहे आणि आपण आहोत. कार्बन डायऑक्साइड उद्योगयुगाआधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. बाहेरची वाट तेवढी अरुंद झाली. आत येणे जास्त आणि बाहेर जाणे कमी, आणि हा फरक आज साधारण एक वॉटचा आहे.

एक वॉट म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर हसले. देवघरातल्या झीरोच्या बल्बलाही जास्त लागतात. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून दाखवला. चौरस मीटरला एक वॉट म्हणजे चौरस किलोमीटरला एक मेगावॉट. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे ५१ कोटी मेगावॉट. आमच्याकडे नंतर आलेला मोठा संच ५०० मेगावॉटचा होता, तसे दहा लाख संच. आपल्या देशात कोळसा, धरण, सौर, अणू सगळे धरून क्षमता पाच लाख मेगावॉटच्या घरात आहे. त्याच्या हजारपट, रात्रंदिवस, सुट्टी न घेता. यातले नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते, म्हणून आपल्याला हे दिसत नाही. आपण हवेचे तापमान बघत बसतो आणि सगळी जमा मात्र समुद्राच्या खात्यात होते.

हे मोजतात कसे, हा माझ्या आवडीचा भाग आहे, जरा थांबतो. नासाच्या टेरा, ॲक्वा आणि नंतरच्या काही उपग्रहांवर ‘सेरेस’ नावाची उपकरणे आहेत. परतलेला प्रकाश आणि बाहेर जाणारी उष्णता ती मोजतात. पण माझ्यासारख्याच्या लगेच ध्यानात येईल की ३४० मधून दोन मोठे आकडे वजा करून एक वॉट काढायचा, तर उपकरणाचा शून्य जरा सरकला तरी उत्तर पार बदलते. आणि तो सरकतोच, कुठल्याही मीटरचा सरकतो. पण शून्य चुकलेला मीटरसुद्धा ‘वाढतेय की कमी होतेय’ हे बरोबर सांगतो, जर तो स्वतः हलत नसेल तर. म्हणून शास्त्रज्ञांनी जे केले ते आम्ही वर्कशॉपमध्ये करायचो तेच. दुसरा, अगदी वेगळ्या जातीचा मीटर लावला.

तो मीटर म्हणजे ‘आर्गो’ तरंगक. माणसाएवढ्या उंचीच्या या नळकांड्या जगभरच्या समुद्रांत चार हजारांच्या आसपास सोडलेल्या आहेत. एक नळकांडे हजार मीटर खोल जाऊन वाहत राहते, दहाव्या दिवशी दोन हजार मीटरपर्यंत बुडते, तिथून वर येताना तापमान आणि खारटपणा मोजते, पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला आकडे सांगते आणि परत बुडी मारते. आपल्या हिंदी महासागरातल्या तरंगकांचे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था बघते. समुद्र किती तापला हे त्यातून निघते, आणि समुद्र तापला म्हणजे तेवढी ऊर्जा आत राहिली. २०२१ मध्ये नासाच्या नॉर्मन लोएब आणि सहकाऱ्यांनी वरचा मीटर आणि खालचा मीटर शेजारी ठेवले. दोन्ही रेषा एकाच दिशेने, एकाच वेगाने चढत होत्या. २००५ ते २०१९ या काळात हा फरक साधारण दुप्पट झाला होता, अर्ध्या वॉटच्या आसपासहून एका वॉटवर. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन मीटर तेच सांगतात तेव्हा शिफ्ट इंचार्जसुद्धा गप्प बसतो.

आता लूपकडे वळतो.

पृथ्वीवर भडकवणारे, म्हणजे पॉझिटिव्ह, लूप बरेच आहेत, सगळ्यात मोठा पाण्याच्या वाफेचा. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. वाफ स्वतःच उष्णता अडवते. म्हणजे थोडे तापले, वाफ वाढली, आणखी तापले. उलटा खटका. आपल्या विदर्भात हे कुणाला शिकवायला नको. डिसेंबरात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की पहाटे दात वाजतात. ढग आले, हवा दमट झाली की शेतकरी म्हणतो, आज थंडी पडत नाही. वरचे पांघरूण जाड झाले, एवढेच. मे महिन्यात आम्ही लहानपणी गच्चीवर पाणी शिंपडून झोपायचो. पहाटे चादर ओढावी लागायची. आता माझा नातू गच्चीवर झोपत नाही, पण ते बहुधा डासांमुळे आणि मोबाइलमुळे. सगळे हवामानावर ढकलणार नाही.

स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्हेनियस यांनी १८९६ मध्येच वाफेचा हा लूप हिशेबात धरला होता, हाताने आकडेमोड करून. पण कागदावरचा लूप आणि चालणारा लूप यात फरक असतो. आम्ही लूप खरा कसा वागतो हे बघायला ‘बंप टेस्ट’ घ्यायचो. व्हॉल्व्हला मुद्दाम एक हलका धक्का द्यायचा आणि रेघ किती हलते, किती वेळात सावरते ते बघायचे. पृथ्वीला धक्का कोण देणार? जून १९९१ मध्ये तो फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दिला. त्याने दीडएक कोटी टन गंधकाचा वायू इतका वर फेकला की त्याचे धुके पृथ्वीभर पसरले, थोडे ऊन अडले आणि पुढच्या वर्षभरात जगाचे तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरले. हवा थंड झाली तशी तिच्यातली वाफही कमी झाली, उपग्रहांनी ते टिपले. २००२ मध्ये ब्रायन सोडेन आणि सहकाऱ्यांनी हे गणित संगणकावर दोनदा चालवले, एकदा वाफेचा लूप चालू ठेवून आणि एकदा बंद करून. बंद ठेवला तर तापमानाची घट प्रत्यक्षापेक्षा कमी निघत होती. चालू ठेवला की जुळत होती. मला वाचून इतका आनंद झाला की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून सांगितले. ती म्हणाली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.

दुसरा लूप बर्फाचा, तुमच्या बातमीतला. ताजा बर्फ पडलेल्या ऊनापैकी ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. बर्फ वितळला की पांढऱ्याच्या जागी काळे येते, काळे ऊन पिते, शेजारचा बर्फ वितळतो. १९७९ पासून उपग्रह मोजत आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उतरला, तो आजवरचा नीचांक. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. तिथे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आपले ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. पुढच्या वेळी बातमीदाराने वास्कोला फोन केला असता तर हा मथळा आलाच नसता.

तिसरा ढगांचा, आणि तो सगळ्यात अवघड. खालचे दाट ढग ऊन परतवतात, वरचे विरळ ढग उष्णता अडवतात. तापल्यावर खालचे ढग विरळ होतात असे दिसू लागले आहे. २०२३ मध्ये पृथ्वीने परत फेकलेले ऊन उपग्रह मोजू लागल्यापासून सर्वांत कमी होते आणि त्याचा मोठा वाटा खालच्या ढगांचा होता.

आता आपल्याच पानावरच्या दुसऱ्या टोकाच्या चुकीकडे येतो. त्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एकांनी लिहिले होते की हे लूप एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, पृथ्वीचा शुक्र होणार, ४६० अंश. माझ्या ड्रमची गोष्ट वाचून कुणालाही तसेच वाटेल, म्हणून स्वच्छ लिहितो. तसे नाही. पृथ्वीवर एक आवरणारा लूपही आहे, आणि तो भडकवणाऱ्या सगळ्यांपेक्षा दांडगा आहे. तापलेली वस्तू जास्त उष्णता बाहेर टाकते, आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. पृथ्वी एका अंशाने तापली की या एका कारणाने चौरस मीटरला ३.२ वॉट जादा बाहेर पडतात. ही आपली सेफ्टी व्हॉल्व्ह. भडकवणारे त्याच एका अंशामागे किती वॉट आत अडवतात त्याची बेरीज करा: वाफ साधारण १.३, ढग ०.४, बर्फ ०.३५. झाले दोनच्या आसपास. दोन हे ३.२ हून कमी आहेत. म्हणून रेघ घसरगुंडीवरून सुटत नाही, कुठेतरी थांबते.

पण कुठे थांबते? गोम इथे आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि कुठलाच भडकवणारा लूप नसला, तर तापमान १.२ अंशाने वाढेल. लूप असल्यामुळे प्रत्येक अंशामागे साधारण ०.६ अंश (वरचे दोन भागिले ३.२) परत भर पडते. त्या ०.६ मागे ०.३६, त्यामागे ०.२२ आणि असेच पुढे. सगळी बेरीज अडीचपट होते. १.२ चे ३ होतात. हा तीनाचा आकडा आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०२१ च्या अहवालात दिला आहे, अडीच ते चार ही शक्यता धरून. आणि ही शक्यता वरच्या बाजूला लांब का, तेही याच गणितात आहे. ०.६ चे ०.७ झाले तर अडीचपटीचे सव्वातीनपट होते. ढगांच्या आकड्यात जराशी चूक, आणि शेवटी एक अंशाचा फरक. १ झाले असते तर माझा १९९४ चा ड्रम. तेवढे झालेले नाही. घाबरवणाऱ्यांनी आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ०.६ हा एक आकडा पाठ करावा.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला जास्त टोचते, कारण त्यात माझा हात आहे. ड्रममध्ये एक फसवी चाल असते. अचानक वाफेची मागणी वाढली की दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि मीटरवर पातळी चढलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असते. नवा ऑपरेटर हमखास फसतो, पाणी कमी करतो. कोळशाच्या चिमणीचेही तसेच आहे. तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो आणि शेकडो वर्षे टिकतो. त्याच चिमणीतला गंधकाचा धूर ऊन अडवून थंड करतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतो. या धुराने आजवर जगाची अर्ध्या अंशाच्या आसपास गरमी झाकून ठेवली आहे. १९९९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांच्या पुढाकाराने झालेल्या मोहिमेत आपल्या उपखंडाकडून हिंदी महासागरावर पसरलेला तपकिरी धुराचा थर मोजला गेला. (हे रामनाथन तरुणपणी सिकंदराबादच्या फ्रिज बनवणाऱ्या कारखान्यात वायूची गळती शोधायचे. पुढे १९७५ मध्ये त्याच फ्रिजच्या वायूंची उष्णता अडवण्याची ताकद त्यांनीच जगाला दाखवली. आमच्या शॉपच्या फळ्यावर मी त्यांचे नाव लिहून ठेवले होते.) धूर कमी करायलाच हवा, तो आमच्या फुप्फुसांत जातो. पण तो कमी झाला की झाकलेली गरमी उघडी पडते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणली गेली, तेव्हापासून समुद्रावरचे हे झाकण विरळ होऊ लागले आहे. ३१ वर्षे माझ्या चिमणीने दोन्ही कामे केली.

आता मागणी. पहिली, ‘सकारात्मक प्रतिसाद’ हा शब्द या अर्थाने पुन्हा छापू नका. माझ्या सुनेच्या बी.एड.च्या पुस्तकात फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ म्हटले आहे, तो शब्द मला तोंडात धरवत नाही. सरळ ‘भडकवणारे चक्र’ आणि ‘आवरणारे चक्र’ लिहा, पोस्टातल्या माणसालाही कळते.

दुसरी, उन्हाळ्यात आपण नागपूरचे कमाल तापमान पहिल्या पानावर लाल अक्षरात छापता आणि किमान आतल्या चौकटीत, भिंग लावून वाचावे लागते इतक्या बारीक टायपात. दोन्ही एकाच आकारात छापा, सोबत पहाटेची आर्द्रताही. पांघरूण किती जाड झाले ते दुपारच्या आकड्यापेक्षा त्या आकड्यांत जास्त दिसते. आमच्या कट्ट्यावर आम्ही यंदा मार्चपासून वहीत उतरवून ठेवणार आहोत. लिहिण्याचे काम पोस्टातल्या मित्राकडे दिले आहे, त्यांचे अक्षर चांगले आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक,
नागपूर

ता.क. त्या १९९४ च्या चार्टचा तुकडा मी अजून कपाटात ठेवला आहे. लाल शाई आता गुलाबी झाली आहे, पण रेघ कुठून वाकायला लागली ते स्पष्ट दिसते. मथळा देणारे उपसंपादक कधी नागपूरला आले तर घरी यावे, दाखवीन. चहा मी करीन.